पाचव्या घरची बाळी

कान टोचणाऱ्या वसीमनं निळ्या पेनानं कृष्णराजच्या उजव्या कानावर ठिपका दिला, मान तिरकी करून लांबून पाहिलं, मग कानाची वरची कड अंगठा आणि बोटात धरून हलकेच चोळली आणि म्हणाला, "भाऊ, इथं तर आधीच टोचलेलं हाय." कृष्णराज हसला. आपल्या कानाला आपल्या माघारी कोण टोचून जाणार? पण वसीम हसला नाही. त्यानं कृष्णराजचंच बोट धरून त्या जागी नेऊन टेकवलं. "बुजून गेलंय. लई जुनं हाय. कणी लागती का हाताला?" लागली. तांदळाच्या कणीएवढी, कठीण, कानाच्या मऊ कडेत कुणीतरी लपवून ठेवल्यासारखी. वसीम म्हणाला, जुन्या जागेवर मारलं तर सुई अडते, दुखतं फार. बाजूला मारू, नाहीतर सरळ डाव्या कानाला मारू. घाई काय आहे, विचार करून या. पुढ्यातल्या ताटलीत स्टीलची बारीक रिंग तयार ठेवलेली होती. दहा मिनिटांपूर्वी कृष्णराजनंच ती निवडली होती आणि निवडताना विचारलं होतं, पुढं कधी नको वाटली तर? "काढून टाकायची. आपोआप बुजतं," वसीमनं सांगितलं होतं, आणि त्या उत्तरानं त्याला बरं वाटलं होतं. आता तो कानावर निळा ठिपका घेऊन जिना उतरला. खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं, त्यापलीकडं धाराशिवचा रस्ता दुपारच्या उन्हात रोजच्यासारखा चालला होता, आणि त्याला वाटलं, या रस्त्यावरच्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, फक्त आपल्यालाच सांगायचं राहून गेलं.

कृष्णराज चष्म्याच्या दुकानात कामाला होता. हे काम नाकाडोळ्यांचं असतं असं लोकांना उगाच वाटतं. डोळे डॉक्टर तपासतो, काच यंत्र कापतं. दुकानातल्या माणसाच्या वाट्याला येतो तो कान. काडी गरम हवेवर धरायची, अंगठ्यानं बाक द्यायचा, गिऱ्हाइकाच्या कानामागं बोट घालून ती कुठं रुततेय ते बघायचं. पाच वर्षांत त्यानं निम्म्या धाराशिवचे कान हाताळले असतील. उन्हानं कडा खरबरीत झालेले रानातल्या माणसांचे कान, झुब्यांच्या वजनानं ओघळलेल्या बायकांच्या पाळ्या, वरपासून खालपर्यंत तीन-तीन ठिकाणी टोचून घेतलेले कॉलेजच्या पोरींचे कान. कुठल्याच माणसाचे दोन कान एका उंचीवर नसतात हे त्याला कळून चुकलं होतं, आणि ते त्या माणसाला सांगायचं नसतं हेही. काडी गुपचूप एका बाजूला जरा जास्त वाकवायची आणि म्हणायचं, बसला एकदम बरोबर. एवढं सगळं करून स्वतःचा कान मात्र त्यानं कधी नीट पाहिला नव्हता. दुकानात चारी भिंतींना आरसे होते, पण आरशात माणूस समोरून दिसतो आणि कान कडेला राहतात. त्या दिवशी दुपारभर तो गिऱ्हाइकांना आरसा दाखवताना तोंड वळवून स्वतःचा ठिपका शोधत राहिला. एका पेन्शनर गुरुजींनी तर सांगितलंच, बाळ, कानाला शाई लागलीय. त्यानं थुंकी लावून पुसली. शाई गेली नाही, नुसती पसरली.

रिंग घालावी असं त्याच्या मनात होतं त्याला कारण होतं, आणि ते कारण त्यानं कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. त्याच्या अंगावर जे जे होतं ते कुणी ना कुणी चढवलेलं होतं. गळ्यातला ताईत आईचा, मनगटाचा काळा दोरा आईचा, कमरेचा करदोटा आई दर वर्षी आठवणीनं बदलायची. शर्ट बापाच्या पसंतीचे, नोकरी मामानं लावलेली, भाड्याची खोलीसुद्धा मामाच्या ओळखीची. हे सगळं कशापासून तरी वाचवण्यासाठी होतं. नजरेपासून, आजारापासून, वाईट संगतीपासून. चोवीस वर्षांच्या माणसानं अंगावर एक तरी गोष्ट अशी बाळगावी की जिचा कुणाला काडीचा उपयोग नाही, असं त्याला वाटायचं. म्हणून रिंग. तीही पाळीला नको, पाळीला सगळेच टोचतात. वर, कडेला, जिथं कुणी विचारेल की इथं कशाला, आणि आपण म्हणू, उगीच. या 'उगीच'साठी त्यानं तीन महिने वसीमच्या जिन्याखालून चकरा मारल्या होत्या. आणि आज कळलं की तिथं कुणाचा तरी हात आपल्या आधीच फिरून गेलाय.

मग त्याला ती बाई आठवली. आठवली असं तरी कसं म्हणावं, ती तीन महिने डोक्यात कुठंतरी बसूनच होती. उन्हाळ्यात आली होती. पंचावन्नच्या आसपास, हिरव्या काठाची साडी, डोक्यावरून घट्ट पदर, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. चष्मा जवळचा, शिवणकामासाठी. वहीत त्यानं नाव लिहिलं होतं, फरिदाबी, येरमाळा. तो काडी वाकवत असताना तिनं विचारलं, कुठला रं तू? कळंबचा म्हणाला. आईचं नाव? मथुराबाई. त्यानं चष्मा चढवला, आरसा पुढं धरला. तिनं आरशात पाहिलंच नाही. हात वर केला आणि त्याच्या उजव्या कानाची वरची कड बोटांत धरली. अगदी क्षणभर. शाळेत मास्तर धरायचे तसं ते नव्हतं. भाजीवाल्याकडची भेंडी मोडून बघतात तसं काहीतरी तपासणं होतं ते. म्हाताऱ्या बायका गाल कुस्करतात, डोक्यावरून बोटं मोडतात, त्यातलाच प्रकार म्हणून त्यानं सोडून दिलं. पण ती आठ दिवसांनी पुन्हा आली, ढिल्ला झालाय म्हणाली. ढिल्ला नव्हता. त्यानं उगाच स्क्रू फिरवल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा तो जरा वैतागूनच म्हणाला, मावशी, आता एकदम बरोबर बसलाय, परत यायची गरज नाही. तिनं मान हलवली आणि त्यानंतर ती आली नाही. आता ते वाक्य त्याला आपल्याच तोंडात कडू लागलं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. रिंगेची ओढ सुरू झाली ती नेमकी त्याच आठवड्यापासून. त्याआधी त्याला कानाची शुद्धसुद्धा नव्हती. त्यानंतर मात्र सकाळी जाग आली की हात आपोआप उजव्या कानाकडं जायचा, काहीतरी होतं आणि पडलं असं वाटून उशीखाली चाचपायचा. उजव्या कुशीवर झोपलं की कडेला बारीक काहीतरी रुतायचं, आणि तिथं काहीच नसायचं. म्हणजे ही मर्जी तरी आपली होती का? तेवढी एकच तर आपली म्हणून धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, दुकानाला सुट्टी. त्यानं सकाळची कळंब गाडी धरली. येडशी गेलं, रामलिंगाची झाडी गेली, आणि येरमाळ्याचा फाटा जवळ येऊ लागला तसा त्याला कानावर तळहाताचा स्पर्श जाणवला, उबदार, लसणाच्या वासाचा. लहानपणी आईबरोबर या रस्त्यानं किती वेळा गेला असेल. मामाकडं, दवाखान्यात, लग्नांना. येरमाळा आलं की आईचा हात यायचा आणि त्याचा उजवा कान झाकून टाकायचा. स्टँडवर गाडी उभी असेतो तो हात तिथंच. का गं, विचारलं की म्हणायची, धूळ हाय. भर पावसात, काचांवरून पाण्याचे ओघळ चाललेले असताना कुठली धूळ? पण पोराला आईची धूळ खरीच वाटते. आणखी एक. चैत्रात सगळं कळंब येरमाळ्याला येडाईच्या यात्रेला लोटायचं, बाया चालत जायच्या, आणि त्याची आई, जिच्या देव्हाऱ्यात येडाईशिवाय दुसरा टाक नव्हता, ती कधी त्या गावात पाय ठेवायची नाही. बसमधूनच डोंगराकडं हात जोडायची. एक हात जोडायची खरं तर. दुसरा त्याच्या कानावर असायचा. आळशी आहे आपली आई, असं तो बरेच दिवस समजत होता.

मथुराबाई दारात तुरी निवडत बसली होती. बाप बलभीम बाजार समितीत मापाडी. तो केव्हाच कामावर गेलेला. तिनं वर पाहिलं आणि लेकाच्या तोंडाआधी तिची नजर कानावर गेली. "ते निळं काय लावलंस?"

"शाई हाय. आई, ह्या कानाला लहानपणी टोचलं हुतं का?"

"समद्याच पोरांचं टोचत्यात."

"पाळीला टोचत्यात. वर न्हाय."

ती पुन्हा सुपात बघू लागली. पण त्यानं पाहिलं, तिनं खडा सुपात ठेवला आणि तूर उचलून बाहेर टाकली. मग तिनं सूपच खाली ठेवलं. रागावली नाही, रडली नाही. फार दिवस डोक्यावर वागवलेलं ओझं कुणीतरी उतरू लागावं म्हणून वाट बघत होती की काय कोण जाणे, पण बोलायला लागली ती थांबलीच नाही. त्याच्याआधी दोन मुलगे झाले होते. एक गेलेला त्याला माहीत होता, दुसरा माहीत नव्हता. दोघंही वर्ष भरायच्या आत गेले. "तू झालास तवा येडाईला बोलले, पाच घरं भीक मागीन, त्या भिकंची बाळी घालीन. म्हंजी पोरगं आपलं न्हाय, मागून आनल्यालं हाय, असं सटवीला वाटतं. मागून आनल्यालं कोन न्हेत न्हाय." भिकबाळी हा शब्द कृष्णराजला ठाऊक होता. लग्नातले नवरदेव घालतात, मोती लावलेली, फेट्याला शोभते म्हणून. त्यातल्या भिकेकडं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "आमी तवा येरमाळ्यात ऱ्हायाचो. तू आठ म्हैन्यांचा. चार घरं फिरले. कुनी पायलीभर ज्वारी घातली, कुनी चांदीचा मनी घातला. पाचवं घर फरिदाबीचं. भिंतीला भिंत हुती आमची. तिला अबुजर म्हनून पोरगं, चार वर्सांचं. त्येच्या कानात वरच्या अंगाला बाळी. ती बी नवसाचीच, दर्ग्यातली. सात वर्सं ठिवीन म्हनून बोलली हुती ती. म्या दारात पदर पसरला अन् तिनं ती बाळी काढून माझ्या पदरात टाकली. म्हनली, माझा तगलाय, आता तुझ्याला लागंल. सोनाराकडं नवी करायची गरजच पडली न्हाय."

"मग?"

"मग तुझ्या कानात घातली. तू बाळसं धरलंस. दोन म्हैन्यांत तिचं पोर तापानं गेलं."

बाहेरून कुणीतरी बुलेट फटफटवत गेलं. मथुराबाई म्हणाली, फरिदाबी त्यानंतर रोज यायची. उंबऱ्यावर बसायची. बोलायची नाही. नुसती त्याच्या कानाकडं बघायची, तासन्‌तास. "मला धडकी भरली रं. घास उतरंना. म्हनलं ही मनातनं परत मागतिया. तिची तरी काय चूक? एक दिस बाळी काढली अन् तिच्या घरी द्याया न्हेली. तिनं हातात बी घेतली न्हाय. दार लावून घेतलं. मग तुझ्या बापाला म्हनलं, ह्या गावात ऱ्हायाचं न्हाय." आणि बाळी? ती उठली, देव्हाऱ्यापाशी गेली, येडाईच्या टाकाखालचा करंडा उघडून हळदीनं पिवळी झालेली चिंधी घेऊन आली. आत एक बारीक सोन्याची तार, काळवंडलेली, तिच्यात हिरवा काचेचा मणी. घालता येत नव्हती, मोडता येत नव्हती, देता येत नव्हती. एवढ्याशा वस्तूला तिनं तेवीस वर्षं रोज हळदकुंकू वाहिलं होतं. "टोचू नगंस बाळा," ती म्हणाली. "केसं वाढव, गाडी घी, काय बी कर. त्या जागंला हात लावू नगं. ज्येची हाय त्यो येईल मागाया." तिनं हात पुढं केला आणि त्याच्या कानाची कड चिमटीत धरली, तशीच जशी लहानपणी झोपवताना धरायची. ती कानाशी खेळायची आणि तो झोपी जायचा. ही आईची माया असं तो धरून चालला होता. माया होतीच. पण बोट त्या कणीवरच थांबायचं, बुजलेलं उघडलं तर नाही ना ते बघायला, हे त्याला आज कळलं.

मी परत देऊन येतो, तो म्हणाला. ती घेणार नाही, आई म्हणाली. तरी तिनं चिंधी त्याच्या खिशात घातली आणि खिशावर दोनदा हात दाबला.

येरमाळ्याला उतरेपर्यंत त्याच्या डोक्यात अबुजर वाढत गेला. चार वर्षांचा होता म्हणजे आज सत्तावीस-अठ्ठावीसचा. आईनं सांगितलेलं बापाचं, दादामियाँचं टायर-पंक्चरचं दुकान चालवत असता. हात काळे, बायको, एखादं लेकरू. आईला डोळ्यांचा त्रास होतो म्हणून तिला मोटारसायकलवर घालून धाराशिवला आला असता, आणि कृष्णराजनं त्याच्या आईला चष्मा बसवला असता, आणि दोघांनी एकमेकांकडं पाहिलंही नसतं. किती सोपं होतं. त्याऐवजी हे. त्याला आपल्या आयुष्यातल्या साध्या-साध्या गोष्टींची लाज वाटू लागली: दहावीला बापानं घेतलेली सायकल, पहिल्या पगाराची पॅंट, नळदुर्गला मित्रांबरोबर काढलेले फोटो. त्यातलं काही दुसऱ्याच्या ताटातलं तर नव्हतं? बाळीनं पोरं जगतात-मरतात असलं त्याला पटत नव्हतं. तो बारावी शास्त्र शाखेचा होता. तापाला औषध लागतं, बाळी नाही, हे त्याला आईला सांगताही आलं असतं. पण जे पटत नाही त्याची भीती वाटत नाही असं थोडंच असतं? उजव्या कानात कालपासून एक बारीक गुणगुण सुरू होती. गाडीच्या इंजिनाची म्हणून त्यानं ती दडपली होती. आता गाडी त्याला फाट्यावर सोडून पुढं निघून गेली, आणि गुणगुण तशीच राहिली.

दादामियाँचं दुकान कुणीही दाखवलं असतं. हायवेला टायरची चळत, मागं दोन खोल्या. दादामियाँ ट्रकखाली आडवे होते. त्यांचे पाय तेवढे दिसत होते. मागच्या दारात फरिदाबी वाकळ शिवत बसली होती, नाकावर त्यानंच बसवलेला चष्मा. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "आलास व्हय." काल सांगून गेलेला माणूस यावा तसं.

त्यानं चिंधी तिच्यापुढं ठेवली. "आईनं दिलीय. तुमची आहे."

"म्या दिली हुती. दिल्यालं परत का घीऊ?"

मग त्यानं सगळं सांगितलं. आई कशी घाबरली, तिला कसं वाटलं की तुम्ही मनातून परत मागताय, म्हणून काढली, म्हणून गाव सोडलं. सांगताना तो स्वतःच आईच्या वतीनं माफी मागतोय असं त्याच्या ध्यानात आलं. फरिदाबी सुई वाकळीत टोचून ठेवून ऐकत होती. हायवेवरून एकामागून एक गाड्या गेल्या.

"मथुराला वाटलं, म्या मागाया येत हुते?" ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि ते रागापेक्षा कठीण होतं. "तेवीस वर्सं ती आसं समजून हाय? या अल्ला. अरं बेटा, माझं पोरगं गेलं. त्येचे कपडे वाटून टाकले, चप्पल बी दिली. फोटू काढल्याला नव्हता. घरात त्येचं म्हनून काय ऱ्हायलं न्हाय. एक बाळी तेवढी हुती जिती. तुझ्या कानात. तू हसलास की हलायची. म्या त्येवढी हलताना बघाया येत हुते. तेवढं बघून भाकर खायाचे." तिनं वाकळ मांडीवरून बाजूला सारली. "तुझी आई एक दिस ती काढून घीऊन आली. माझ्या हातात देत हुती. तवा माझं पोर दुसऱ्यांदा गेलं. म्हनून दार लावलं म्या."

दोन बायका, एका भिंतीच्या दोन अंगाला, आणि मध्ये एवढीशी तार. एकीनं पापातून सुटण्यासाठी जे केलं त्यानंच दुसरीचं उरलंसुरलं संपलं, आणि हे सांगायला इतकी वर्षं कुणी गेलं नाही. मग भलत्याच वेळी, भलत्याच आवाजात तो म्हणाला, "मला कानाला टोचायचं होतं. म्हणजे, उगीच. रिंग घालायची म्हणून. आता काय करू ते कळंना."

"तुझा कान हाय, बेटा. मला कशाला विचारतोस?"

पण तिनं त्याला खाली वाकायला सांगितलं. चष्मा सारखा केला, बोट कानाच्या कडेवरून फिरवत आणलं आणि कणीवर थांबवलं. "हितंच," एवढंच म्हणाली. घाल म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. म्हणाली असती तर किती सुटका झाली असती. तिनं चिंधीची घडी नीट केली आणि ती बोटानं त्याच्याकडं सरकवली. तो उठला तेव्हा मागून म्हणाली, "चष्मा झकास बसलाय. ढिल्ला कधीच नव्हता."

धाराशिवच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. आता प्रश्न साधा होता, आणि साधा असूनही सुटत नव्हता. वसीमची रिंग आज घालावी, उद्या काढावी, आपोआप बुजतं. ही एकदा घातली की काढायची सोय नव्हती. ही काढणाऱ्याला एक मेलेलं पोर तिसऱ्यांदा मारावं लागणार होतं. एक बाई हिच्याकडं भीतीनं बघणार, दुसरी भुकेनं. आणि या सगळ्यात ज्याला अंगावर एक बिनकामाची, आपल्या मर्जीची गोष्ट हवी होती तो कृष्णराज कुठं राहणार? नाहीतर डाव्या कानाला स्टीलची घालावी आणि चिंधी पेटीत टाकून द्यावी. कोण विचारणार होतं? फरिदाबी परत दुकानात येणार नव्हती. त्यानंच तिला तसं सांगितलं होतं. असा विचार करत असताना गाडी येरमाळ्याच्या स्टँडावरून हलली, वेग धरला, आणि तेव्हा कुठं त्याला कळलं की आपला तळहात आपल्या उजव्या कानावर दाबून धरलेला आहे. कधी गेला तिथं? बाहेर धूळ नव्हती. त्यानं हात काढला. मांडीवर ठेवला. येडशी येईपर्यंत तो त्या हाताकडं बघत बसला, आणि मग त्याचं ठरलं.

वसीम दिवे लावत होता. बाळी पाहून त्यानं ओठ मुडपले. जुनी आहे, बारीक आहे, लहान पोराची दिसते. आधी स्टीलची घाला, जखम भरली की ही. हीच, कृष्णराज म्हणाला. वसीमनं ती उकळून घेतली, स्पिरिटनं पुसली. हिरवा मणी दिव्याखाली एकदम स्वच्छ निघाला.

"बाजूला मारू ना?"

"न्हाय. जुन्या जागंवरच."

"दुखंल."

"दुखू दे."

सुई कणीपाशी अडली. वसीमनं जोर दिला तेव्हा कवटीच्या आत काहीतरी कट्‌कन मोडलं. बाहेर कुणाला ऐकू गेलं नसेल. डोळ्यांतून पाणी आलं. कालपासूनची गुणगुण एकदम थांबली आणि त्या थांबण्यानंच त्याला भोवळल्यासारखं झालं. वसीमनं रक्त टिपलं, तार फिरवली, आरसा दाखवला. "तीन म्हैने हात लावायचा न्हाय. मग नको वाटली तर काढून टाका, बुजतं."

"हो," कृष्णराज म्हणाला, गिऱ्हाइकाला एकदम बरोबर बसला म्हणतात तशा आवाजात.

जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून त्यानं आईला फोन लावला. आधी फरिदाबीचं सांगितलं, ती उंबऱ्यावर कशासाठी येऊन बसायची ते. पलीकडून काहीच आलं नाही. फोन कट झाला की काय म्हणून त्यानं पाहिलं, चालू होता. मग त्यानं दुसरं सांगितलं.

"घातलीस?"

"व्हय."

"त्याच जागी?"

"त्याच."

तिला रागवायचं असेल तर रागवू दे, असं त्याला वाटलं. ती रागावली नाही. बारीक आवाजात तिनं विचारलं, "दुखलं का रं?"

"थोडं दुखलं." तिला जरा हलकं वाटावं म्हणून तो म्हणाला, "ल्हानपनी टोचलं तवा म्या लई रडलो आसन."

"तू न्हाय रडलास," मथुराबाई म्हणाली. "तू अंगावर पीत हुतास, तुला कळलं बी न्हाय. त्यो रडला. फरिदानं त्येच्या कानातनं काढली तवा. माझी हाय, माझी हाय म्हनत माझ्या पदराला लोंबकळला. फरिदा तवर आत ज्वारी आनाया गेली हुती, तिनं त्ये बगितलं न्हाय. म्या त्येची बोटं सोडवली, एकेक करून, अन् घरी आले."

फोन डाव्या कानाशी होता. कृष्णराज पायरीवर दगडासारखा बसून होता, हसला तर मुळीच नव्हता. तरी उजव्या कानात बाळी हलत होती.